बेलफास्ट : आधी महापालिका, मग टायटॅनिक

बेलफास्टला एका दिवसासाठी जाणार असाल तर माझं एवढं ऐका. गाडीतून उतरल्या उतरल्या टायटॅनिकच्या संग्रहालयाकडे धावू नका. आधी सिटी हॉल, म्हणजे महापालिकेची इमारत बघा, तीही बाहेरून फोटो काढून नव्हे तर आत जाऊन, आणि मग गोदीकडे वळा. बहुतेक लोक उलटं करतात. सकाळी टायटॅनिक, आणि दुपारी पाय बोलायला लागले की सिटी हॉलच्या हिरवळीवर आइस्क्रीम. त्यातही मजा आहे, नाही असं नाही. पण ज्या मंडळींनी ही महापालिका उभी केली, त्यांनीच पुढच्या पाच-सहा वर्षांत ते जहाज बांधलं. हे आधी डोक्यात बसलेलं असलं की टायटॅनिकच्या दालनांतून फिरताना माणूस नुसता सिनेमा आठवत बसत नाही.

माझी सगळी नोकरी मुंबई महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात गेली. आवक-जावक, बिलं, टिपण्या. आमचे हे माझगावला जहाजदुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. त्यामुळे पहिल्या इमारतीत माझं तोंड सुरू होतं आणि दुसरीत ह्यांचं. लेक-जावई डब्लिनला असतात. त्यांना सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघंच गेलो, आणि ते एका अर्थी बरंच झालं. तरुण माणसं बरोबर असली की प्रत्येक पाटी वाचू देत नाहीत.

जाण्याआधी व्हिसाचं नीट बघा. डब्लिन आयर्लंडमध्ये आणि बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात. मधे सीमा आहे पण नाका नाही. रुळांवरून गाडी कधी पलीकडे गेली तेही कळत नाही. तरी भारतीय पासपोर्टवाल्याला व्हिसा लागतोच. भारतातून आयर्लंडचा पर्यटक व्हिसा काढलेला असेल आणि त्यावर ‘बीआयव्हीएस’ असा शेरा असेल, तर त्याच व्हिशावर उत्तर आयर्लंडला जाता येतं. अट एवढीच की आधी आयर्लंडमध्ये उतरलेलं असावं. शेरा नसेल तर ‘कोण बघतंय’ म्हणून जाऊ नका. मी कागदपत्रांत आयुष्य घालवलेली बाई आहे, असल्या गोष्टीत माझ्याकडून सूट मिळणार नाही.

डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून ‘एंटरप्राइज’ गाडी सुटते आणि दोन-सव्वादोन तासांत बेलफास्ट ग्रँड सेंट्रलला पोचवते. हे स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालं. लखलखीत आहे, बसायला जागा भरपूर. तिथून सिटी हॉल अगदी चालण्यासारखा आहे. पलीकडे युरो चालत नाहीत, पौंड लागतात. पण कार्ड बहुतेक सगळीकडे चालतं.

आता सिटी हॉल. डोनेगॉल चौकात चारी बाजूंनी मोकळं आवार, मधोमध पोर्टलंडच्या फिकट दगडाची इमारत, कोपऱ्यांवर मनोरे, आणि वर तांब्याचा हिरवा पडलेला घुमट. घुमटाची उंची १७३ फूट. फोटोत ती कुठल्याही युरोपी राजवाड्यासारखी दिसते, पण समोर उभं राहिलं की हे प्रकरण वेगळं आहे हे कळतं. यात राजा राहायला नव्हता. हा नगरसेवकांचा राजवाडा आहे. १८८८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने बेलफास्टला शहराचा दर्जा दिला आणि इथल्या कारभाऱ्यांना वाटलं, आता शहराला शोभेल असं घर हवं. लिनन कापडाच्या व्यापाराची जुनी इमारत, व्हाइट लिनन हॉल, इथे होती. ती पाडली. १८९८ मध्ये काम सुरू झालं आणि १ ऑगस्ट १९०६ ला उद्घाटन. वास्तुरचनाकार आल्फ्रेड ब्रमवेल थॉमस.

खर्च आला सुमारे ३,६९,००० पौंड, आणि तो पैसा आला महापालिकेच्या गॅस कारखान्याच्या नफ्यातून. हे वाचून मी तिथेच थांबले. महापालिकेचा एक उपक्रम नफ्यात चालतो आणि त्या नफ्यातून मुख्यालय बांधलं जातं! आमच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी कुणी असं बोललं असतं तर लोकांनी त्याला पाणी विचारलं असतं. पण पुढची गोष्ट मात्र एकदम ओळखीची. थॉमस साहेबांना ‘सर’ हा किताब मिळाला, इमारतीची वाहवा झाली, आणि स्वतःची फी वसूल करायला त्यांना याच महापालिकेवर दावा लावावा लागला. किताब लगेच, बिल पेंडिंग. बेलफास्ट काय नि मुंबई काय.

आत शिरल्यावर पहिला धक्का संगमरवराचा. इटलीहून आणलेला, पांढरा, पिवळट, काळ्या-जांभळ्या शिरांचा, वेगवेगळ्या जातींचा. जिन्याजवळ उभं राहून नीट बघा. मार्गदर्शक बोलत असतो तेव्हा सगळे वर घुमटाकडे माना करून असतात, म्हणून खालचं बघायला जागा मिळते. वर बघायचं ते जॉन ल्यूक या चित्रकाराच्या भित्तिचित्रासाठी. ते १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या महोत्सवासाठी काढलं. मधे बेलफास्टला गावाचा दर्जा देणारी १६१३ ची सनद वाचून दाखवणारे सर आर्थर चिचेस्टर, आणि आजूबाजूला शहर ज्यांवर जगलं ते धंदे : सूत, कापड, दोरखंड, जहाजं. माणसं जरा लाकडी बाहुल्यांसारखी ताठ आहेत. ह्यांना आवडलं नाही, मला आवडलं. शहराच्या घुमटाखाली देवदूत न रंगवता कामकरी रंगवले, यालाच माझे निम्मे गुण.

रंगीत काचांच्या खिडक्या बऱ्याच आहेत. जुन्यांत राजे-राण्या आणि फौजा. नंतर बसवलेल्या मात्र वाचण्यासारख्या. एक खिडकी १९०७ च्या गोदी कामगारांच्या संपाची. त्या संपाचा पुढारी जेम्स लार्किन, आणि त्या संपात कॅथलिक-प्रोटेस्टंट दोन्ही कामगार एकत्र उतरले होते. ज्या शहरात त्यानंतर या दोन समाजांच्या वस्त्यांमधे भिंती उभ्या राहिल्या, तिथल्या महापालिकेने ही खिडकी लावली, हे लहान काम नाही. मी लालबागची. माझ्या लहानपणी संप हा शब्द घरात रोज असायचा. मी त्या खिडकीपाशी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले आणि आमचा गट पुढे निघून गेला.

सभागृह ओकच्या कोरीव लाकडाचं आहे. ६० नगरसेवक, महापौराची मुदत एक वर्ष. उत्तर आयर्लंडची पहिली संसद २२ जून १९२१ रोजी पाचव्या जॉर्जने उघडली ती याच इमारतीत, कारण तेव्हा तिला स्वतःचं घर नव्हतं. त्याआधी २८ सप्टेंबर १९१२ ला ‘अल्स्टर कव्हेनंट’वर सह्या इथेच सुरू झाल्या. आयर्लंडला स्वतंत्र कारभार नको म्हणणाऱ्या प्रोटेस्टंटांची ती शपथ, आणि सगळीकडच्या पुरुषांच्या आणि बायकांच्या मिळून पावणेपाच लाखांच्या आसपास सह्या. जेवणावळीचा मोठा हॉल मे १९४१ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात जळाला. तो पुन्हा होता तसा बांधला. आणि अगदी अलीकडचं म्हणजे ३ डिसेंबर २०१२ चा ठराव : ब्रिटनचा झेंडा रोज न लावता ठरलेल्या दिवशीच लावायचा. त्यावरून शहरात कित्येक महिने निदर्शनं झाली. आमच्या गटाच्या मार्गदर्शक बाईंनी हे सगळं आवाज न चढवता, कुणाची बाजू न घेता सांगितलं. प्रश्न विचारला तर उत्तर देतात, टाळत नाहीत.

शेवटी सभागृहात महापौराच्या खुर्चीत बसू देतात आणि नगरसेवकांचा झगा घालून फोटो काढू देतात. नोकरीत असताना महापौरांच्या दालनात मी गेले ती फाईल घेऊन, उभ्याउभ्या. इथे झगा घालून ऐटीत बसले. फोटो काढताना हे म्हणाले, “अगं, जरा कडक बघ, सभा चालू आहे.” तो फोटो आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. त्यावर आलेला पहिला प्रश्न होता, “मॅडम, माझी फाईल कुठे अडकली?”

तळमजल्यावरचं प्रदर्शन फुकट आहे, आवार फुकट आहे. मार्गदर्शकाबरोबरच्या फेरीच्या वेळा आणि दर मात्र निघण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या, कारण समारंभ असला की फेरी नसते. आपल्या बोरीबंदरसमोरच्या मुख्यालयातही २०२१ पासून लोकांना दाखवण्याची सोय झाली आहे. स्टीव्हन्सने बांधलेली ती १८९३ ची इमारत सौंदर्यात बेलफास्टला रेसभरही कमी नाही. मुंबईतल्यांनी तीही बघावी. मी त्याच महापालिकेत नोकरी करूनही तिचा जिना निवांतपणे वर मान करून असा कधी पाहिला नव्हता, कामाच्या माणसाला कोण उभं राहू देतंय!

आवारात दोन गोष्टी चुकवू नका. एक, सर एडवर्ड हार्लंडचा पुतळा. हार्लंड आणि वुल्फ या जगप्रसिद्ध गोदीतले हार्लंड हेच. १८६१ मध्ये भागीदारी केली, आणि १८८५-८६ मध्ये बेलफास्टचे महापौर. त्यांच्यानंतर गोदीचे प्रमुख झालेले विल्यम पिरी, तेही १८९६-९७ मध्ये महापौर, आणि त्यांचाही पुतळा इथेच. म्हणजे दिवसा गोदीत जहाजाचा नकाशा मंजूर करायचा आणि सभेत शहराचा. लोखंड जोडणारे हात आणि ठराव करणारे हात एकाच घरातले. टायटॅनिक पिरींच्याच कारकिर्दीतलं. त्याचा रचनाकार थॉमस अँड्र्यूज त्यांचा सख्खा भाचा. मामा आजारपणामुळे पहिल्या सफरीला गेला नाही, भाचा गेला आणि बुडाला.

दुसरी गोष्ट, टायटॅनिकची स्मृतिबाग. १५ एप्रिल २०१२ ला, शंभर वर्षांनी केलेली. ब्राँझच्या पट्ट्यांवर १,५१२ नावं, आणि सगळी आडनावाच्या क्रमाने. पहिला वर्ग, तिसरा वर्ग, खलाशी, भट्टीवाले, बँडवाले, काही फोड नाही. जहाजावर ज्यांचे जिनेसुद्धा वेगळे होते ते इथे एका मस्टरवर आलेत. कोट्यधीश जॉन जेकब अॅस्टर बघायचा तर ‘ए’मध्ये शोधावा लागतो, आणि त्याच्या वर-खाली कोण आहे ते वाचण्यातच सगळं आलं.

तिथून गोदीकडे जायला जी-२ नंबरची ग्लायडर बस आहे. तिकीट थांब्यावरच्या मशीनमधून आधी काढायचं. पण पाऊस नसेल तर चालत जा. वाटेत १८६९ चं अल्बर्ट क्लॉक लागतं, सरळसरळ कललेलं. मग १८५७ चं कस्टम हाऊस, मग लागन नदीच्या काठावरचा मोठा निळा मासा. त्याच्या एकेका फरशीवर शहराच्या इतिहासातलं काही ना काही छापलंय. पूल ओलांडला की वारा सुरू होतो. टोपी हातात धरा. शाल नको, उडते.

टायटॅनिक बेलफास्ट ही इमारत ३१ मार्च २०१२ ला उघडली. जहाजाच्या पुढच्या टोकासारखे चार कोपरे, वर अॅल्युमिनियमचे सुमारे तीन हजार पत्रे, आणि उंची ३८ मीटर, म्हणजे टायटॅनिकच्या कवचाएवढी. दुरून मला ते जरा अतीच वाटलं. जवळ जाऊन, त्या टोकाखाली उभं राहून वर पाहिल्यावर मात्र त्या काळच्या कामगाराला सकाळी कामावर येताना काय दिसत असेल याचा अंदाज आला. तिकीट माणशी वीस पौंडांच्या वर जातं, म्हणजे आपले दोन हजारांहून जास्त रुपये. आधी ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा. ‘नोमॅडिक’ या जुन्या बोटीचा (तिच्याबद्दल पुढे) प्रवेश त्यातच असतो.

पैसे वसूल होतात का? माझं उत्तर : अर्ध्या भागात पूर्ण, उरलेल्या अर्ध्यात निम्मे. वसूल होणारा भाग पहिला. तिथे जहाज नाही, शहर आहे. लिननच्या गिरण्या, दोरखंडाचा कारखाना, तंबाखू, व्हिस्की, आणि मग गोदीचा दरवाजा. त्यानंतर लिफ्टने वर नेतात आणि सहा जणांच्या पाळण्यात बसवून गोदीतून फिरवतात. पाळणा म्हणजे जत्रेतला नव्हे, सावकाश जातो. पाठदुखीवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. खाली अंधार, भट्टीची लाली, हातोड्यांचा आवाज. इथे ह्यांचं तोंड जे सुरू झालं ते थांबेना.

त्यांच्याकडून ऐकलं आणि दालनातही वाचलं ते असं. जहाजाला सुमारे तीस लाख रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे जाड खिळे. भट्टीवाला पोऱ्या रिव्हेट लालभडक करून फेकायचा, दुसरा तो झेलून भोकात सारायचा, एक जण आतून दाबून धरायचा, आणि बाहेरून दोघे आलटून-पालटून ठोकायचे, एक उजवा, एक डावखुरा. डावखुऱ्याला त्यामुळे मागणी. मजुरी रिव्हेटच्या मोजणीवर. बरेच कामगार चाळिशीला बहिरे व्हायचे. बांधकामात आठ जण दगावले. ३१ मे १९११ ला जहाज पाण्यात सोडलं, त्या दिवशी टेकू काढताना जेम्स डॉबिन नावाच्या कामगारावर लाकूड कोसळलं. घसरत पाण्यात जायला जहाजाला ६२ सेकंद लागले, आणि उतारावर फासायला २२ टन साबण आणि चरबी. “वेल्डिंगला एवढी माणसं लागत नाहीत,” हे म्हणाले. मग थोडं थांबून, “म्हणून तर मग माणसं उरलीच नाहीत.” पाळण्यात आमच्याबरोबर बसलेल्या जोडप्याला मराठी येत नव्हतं, पण हातवाऱ्यांवरून त्यांनाही रिव्हेट कळला असावा.

पुढे जलावतरणाचं दालन, तिन्ही वर्गांच्या केबिनी, मग बर्फ, संदेश, बुडणं. २०२३ मध्ये शेवटची दालनं नव्याने केलीत. अंधारात फिरणारी जहाजाची मोठी उजळलेली प्रतिकृती सुंदरच आहे. आम्ही गेलो तेव्हा बँडमास्तर वॉलेस हार्टलीचं व्हायोलिन मांडलेलं होतं. त्यापाशी गर्दी असते पण कुणी बोलत नाही. तरी मला हा भाग जरा लांबलेला वाटला. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, आणि आवाज-उजेडाने ती पुन्हा सांगायची म्हणजे कीर्तनात पूर्वरंगच रंगावा तसं होतं. जहाज बांधायचं शहराने, आणि लक्षात राहायचं बुडणं, हा बेलफास्टवरचा अन्यायच. तिथले लोक म्हणतात ना, इथून निघालं तेव्हा ते ठीकठाक होतं. खरंय की!

सिनेमातला तो भव्य जिना शोधत असाल तर आधीच सांगते, त्याची प्रतिकृती इमारतीत आहे, पण समारंभाच्या हॉलमध्ये. दालनांच्या रांगेत नाही. लग्नाचं बुकिंग असल्याशिवाय किंवा खास कार्यक्रम असल्याशिवाय तिथे पोचत नाही माणूस.

आणि एक गोष्ट घरून वाचून जा. या गोदीत बहुतेक कामगार प्रोटेस्टंट होते. जुलै १९२० मध्ये हजारो कॅथलिक कामगारांना, आणि त्यांची बाजू घेणाऱ्या प्रोटेस्टंटांनाही, गोदीतून मारून हाकलून दिलं. रिव्हेटची मजा ऐकताना हे माहीत असलेलं बरं.

इमारतीच्या मागे जे आहे ते फुकट आहे, आणि माझ्या मते सगळ्यात उत्तम. टायटॅनिक आणि त्याच्याच जोडीचं जहाज ऑलिंपिक जिथे शेजारी-शेजारी उभे राहिले ते दोन उतार तसेच ठेवलेत, नदीपर्यंत. टायटॅनिकच्या उतारावर डेकचा आराखडा खऱ्या मापात जमिनीवर आखलाय. २६९ मीटर. टोकापासून टोकापर्यंत चाललो तेव्हा त्या आकड्याचा अर्थ पोटऱ्यांनी सांगितला. जहाजाचा खर्च सुमारे १५ लाख पौंड, म्हणजे सकाळी बघितलेले चार सिटी हॉल तिथे तरंगत होते. सकाळी तिथला संगमरवर पाहून मी भारावले होते, आणि आता इथे उतारावर उभी राहून हा हिशेब केला. सिटी हॉल आधी बघा म्हणते ते यासाठी.

शेजारी हार्लंड-वुल्फच्या नकाशेवाल्यांची जुनी कचेरी, आता तिथे २०१७ पासून हॉटेल आहे. राहायची ऐपत नसली तरी चहाच्या निमित्ताने आत जाता येतं. कमानी छत, वर लांबलचक काचा, कारण रेघ मारायला सावली नसलेला उजेड हवा. चहा महाग आहे, छत बघायचं भाडं समजून प्यायचा.

मग नोमॅडिक. ही छोटी बोट, १९११ मध्ये इथेच बांधलेली, फ्रान्समधल्या शेर्बूरला किनाऱ्यावरून प्रवासी घेऊन टायटॅनिकपर्यंत पोचवायला. पुढे ती पॅरिसला सीन नदीवर उपाहारगृह होऊन पडली होती. २००६ मध्ये बेलफास्टने परत आणली. टायटॅनिकच्या इमारतीत जेवढं नक्कल आहे तेवढं इथे अस्सल. ह्यांनी आत शिरल्या शिरल्या भिंतीवर हात ठेवला. रंगाच्या कित्येक थरांखाली रिव्हेटची डोकी, एकसारखी नाहीत, काही चपटी, काही जरा तिरकी. ह्यांनी बोट फिरवत फिरवत एका रांगेवर थांबून सांगितलं, “हे दुसऱ्या माणसाने ठोकलेत.” खरं-खोटं देव जाणे, पण मला पटलं.

इथेच एका वयस्कर स्वयंसेवकाला ह्यांनी आपल्या इंग्रजीत विचारलं, “विक्रांत? इंडियन नेव्ही? इथेच ना?” त्याने क्षणभर कपाळाला आठ्या घातल्या, मग एकदम म्हणाला, “हर्क्युलिस!” आणि हातात हात घेतला. आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं, म्हणून लिहिते. आपली पहिली विमानवाहू नौका विक्रांत मूळची ब्रिटिश ‘हर्क्युलिस’. १९४५ मध्ये टाइन नदीवर तिचं जलावतरण झालं, मग काम अर्धवट थांबलं. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली आणि पुरी केली ती बेलफास्टच्या याच हार्लंड-वुल्फमध्ये. ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती नौदलात दाखल झाली तीसुद्धा बेलफास्टलाच. ३ नोव्हेंबरला मुंबईत आली. १९९७ मध्ये निवृत्त झाली, मग काही वर्षं तरंगतं संग्रहालय होती. मुलांना घेऊन आम्ही तिच्या डेकवर गेलो होतो, वडापाव आणि पाण्याची बाटली घेऊन. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली आणि मुंबईतल्या दारूखाना भागात, जिथे जहाजं तोडतात, तिथे तोडली. ह्यांनी रस्त्यावरून जाता-येता ती कमी-कमी होताना बघितली आहे. तिच्या पोलादातून एका कंपनीने मोटरसायकली काढल्या, हेही तुम्हाला आठवत असेल. हे सगळं ह्यांनी त्या स्वयंसेवकाला सांगितलं, मी मधे मधे भाषांतर केलं. मोटरसायकलवर तो फार हसला.

गोदी आता केवढी उरली आहे? सॅमसन आणि गोलियाथ या दोन पिवळ्या अजस्र क्रेन शहरात कुठूनही दिसतात, १०६ आणि ९६ मीटर. गोलियाथ १९६९ ची, सॅमसन १९७४ ची. इथून शेवटचं नवं जहाज २००३ मध्ये निघालं. दुसऱ्या महायुद्धात पस्तीस हजारांच्या घरात कामगार होते. २०१९ मध्ये कंपनी दिवाळ्यात गेली तेव्हा उरलेल्या थोड्या कामगारांनी फाटक अडवून धरलं. २०२४ मध्ये पुन्हा तीच वेळ आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये स्पेनच्या नवांतिया या जहाजबांधणी कंपनीने ती घेतली. आता नौदलाची जहाजं बांधायचं काम आहे. आत जाता येत नाही. क्रेनचा फोटो पुलावरून चांगला येतो.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी घरून घेऊन निघा. वाटेत एका कॅफेत (नाव नको) आम्ही चीज सँडविच घेतलं, फ्रिजमधून थेट ताटलीत. गरम करून द्या म्हटलं तर मशीन बंद. तिखट-मिठाच्या पुऱ्या पिशवीत होत्या म्हणून निभावलं. मात्र बटाट्याची जाडसर पोळी मिळते, लोण्यावर भाजलेली, ती जरूर खा. नाश्त्याच्या ताटात मांसाच्या शेजारी असते, तेव्हा ऑर्डर देतानाच वेगळी मागायची.

आई-वडिलांना नेणाऱ्यांसाठी : दोन्ही इमारतींत लिफ्ट आहे, स्वच्छतागृहं स्वच्छ आहेत, सिटी हॉलमध्ये बसायला मिळतं, टायटॅनिकमध्ये मात्र सलग दोन-अडीच तास पायांवर जातात. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअरची आधीच चौकशी करा, लाजू नका. नोमॅडिकवर अरुंद वाट आणि पायऱ्या आहेत. दुकानात चुंबक, मग, टोप्या, सगळ्यावर टायटॅनिक. ह्यांना रिव्हेट हवा होता, तो काही मिळाला नाही. नदीकाठी वारा दुपारनंतर वाढतो, म्हणून उतारांवरचं चालणं आधी करा आणि चहाचं हॉटेल नंतर.